साळवे सर आणि फॉइल

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या बिल्डिंगमधले साळवे सर पोळ्यांना गुंडाळलेली फॉइल मागतात. संध्याकाळी मी डबा घेऊन जिना चढू लागलो की त्यांचं दार उघडतं. "भाऊ, आजची फेकली तर नाय ना?"

सर मूळचे गंगापूरचे, रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. ऑक्सिडेशन-रिडक्शन मात्र अजून निवृत्त झालेलं नाही. गेट गंजलं की वॉचमनला उभं करून विचारणार, "इथं इलेक्ट्रॉन देणारा कोण, घेणारा कोण?" लोखंड देतं, ऑक्सिजन घेतो आणि दोघं जुळतात, हा संयोग. मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या क्षाराच्या, पाण्यात खिळा टाकला, की लोखंड तांब्याला हुसकून स्वतः तिथं बसतं, ते विस्थापन. माझं ढोपर फुटलं तेव्हा त्यावर पेरॉक्साइड ओतून ते फेसाकडेच बघत राहिले. "इथं देणारा तोच अन् घेणारा बी तोच! लई एकटा गडी." जखम माझी आणि कौतुक फेसाचं! गच्चीवर शेजाऱ्यांसमोर मी त्यांची ही नक्कल हमखास करायचो.

दिवाळीआधी बायकोनं काळं पडलेलं चांदीचं निरांजन त्यांच्याकडे उजळायला दिलं. माझ्या मनात पाल चुकचुकली. फुकटात कोण कशाला करील? मी ते आधीच गुपचूप स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं होतं. लख्ख होऊन परत आलं, तेव्हा पुन्हा तोलायला ठेवलं. नेमके तेव्हाच सर बायकोची त्यांच्याकडे राहिलेली पिशवी द्यायला आत आले.

"बरोबर भरलं का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

"भरणारच. घासलं असतं तर चांदी झिजली असती. इथं फॉइल देते, अन् काळ्याची पुन्हा चांदी होते." एवढं बोलून ते गेले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवण सोडून माफी मागायला गेलो. टेबलावर काचेच्या वाडग्यात फॉइल, सोड्याचं गरम पाणी आणि त्यात दोन जोडवी.

"हिची. जायच्या आधी दवाखान्यात काढून माझ्या हातात दिली होती तिनं. घासून झिजवायची नायत मला."

सरांनी चहा टाकला, सवयीनं एकच कप काढला, मग माझ्यासाठी दुसरा शोधून धुतला.

"बस, भाऊ. रोज इथं देणारा मीच अन् घेणारा बी मीच."

गच्चीवर याच वाक्याला मी टाळ्या घेतल्या होत्या.