एकही डोळा सुटला नाही

पाळणाघरातल्या एका मुलाचे डोळे आले, तेव्हा व्यवस्थापिकाबाईंनी त्याच दुपारी साथ-नियंत्रण समिती नेमली. ठराव झाला: रोज सकाळी दारातच प्रत्येक मुलाचे डोळे तपासायचे; लाल दिसले तर सात दिवस घरी.

तपासणी मावशींकडे आली. रोग नजरेतून पसरतो असं व्यवस्थापिकाबाईंचं ठाम मत असल्याने मावशींना काळा चष्मा देण्यात आला. त्यातून सगळेच डोळे सारखे दिसू लागले, म्हणून मावशी बोटाने पापणी खाली ओढून, अगदी जवळून बघू लागल्या. एक बोट, बत्तीस मुलं, चौसष्ट डोळे.

दोन वर्षांच्या लेकीला कडेवर घेतलेल्या आईला हे पहिल्याच दिवशी खटकलं. नोकरी नवी होती, रजा संपल्या होत्या, आणि आणखी एक खाडा झाला तर येऊच नका, असं साहेबांनी गोड आवाजात सांगितलं होतं.

"मावशी, हा विषाणू हातांनीच पसरतो हो. मध्येमध्ये हात धुवाल का?"

"धुते की. घरी गेल्यावर."

ती व्यवस्थापिकाबाईंकडे गेली.

"ताई, तुमचं पटतंय मला," त्या म्हणाल्या. "पण तक्त्यात उजवा डोळा, डावा डोळा आणि शेरा एवढेच रकाने आहेत. हात कुठे लिहू?"

चौथ्या दिवशी नऊ मुलं घरी बसली. साथ वाढतेय हे आकड्यांनीच सिद्ध झाल्यावर समितीने तपासणी दिवसातून दोनदा केली. पुढे मावशींचेच डोळे आले. काळ्या चष्म्यामुळे कुणाला कळलं नाही. अहवालात नोंद झाली, 'तपासणीतून एकही डोळा सुटलेला नाही.'

रविवारी लेकीचा डोळा चिकटला.

"विषाणूचं आहे, आठवड्याभरात ओसरेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थंड पाण्याच्या घड्या ठेवा, हात धुवा, आणि पाळणाघरात अजिबात पाठवू नका."

सोमवारी आईने लेकीचा डोळा पुसला आणि तिला लालभडक फ्रॉक घातला. त्याच्यापुढे डोळा जरा फिका दिसत होता.

रांगेत पुढचे एक बाबा मुलाची टोपी नाकापर्यंत ओढत होते. त्यांच्यापुढची आजी नातवाला पढवत होती, "विचारलं तर सांगायचं, आत्ताच रडलो." कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

मावशींनी बोट पुढे केलं. हात धुवा, हे शब्द आईच्या ओठांवर आले आणि तिथेच विरले. बोललं तर मावशी चष्मा काढून बघायच्या.

"अहो ताई, सरका ना पुढे," मागून कुणीतरी वैतागलं. "आम्हालाही कामं आहेत."

तिने वळून पाहिलं. कडेवरचं लेकरू डोळे चोळत होतं, आणि त्याला घेऊन तुम्ही उभे होतात.