पुढचं पान पुढच्या खांबाला

तांडेल सरांना बसून वाचता येत नाही. डोळे शाबूत, चष्मा नवा, अख्खी नोकरी पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला शिकवण्यात गेलेली. पण हा माणूस खुर्चीत टेकला की दुसऱ्याच ओळीला अडखळतो. उठून चालायला लागला की धाडधाड वाचतो.

मला हे कळलं पालघरला. वाचन कसं शिकवावं, याची पदव्युत्तर पदविका तिथल्या एका कॉलेजात शनिवार-रविवारी चालते. फक्त नोकरीतल्या शिक्षकांसाठी. मी सफाळ्याहून यायचे, सर तारापूरजवळच्या दांडीहून. वर्गात आम्ही सगळे तरुण, आणि निवृत्ती तोंडावर आलेले हे एकटे. पहिल्याच तासाला मॅडम ध्वनी आणि अक्षर यांची सांगड समजावत होत्या आणि मागे चपला वाजत होत्या. फट फट, फट फट.

"सर, बसून घ्या ना," मॅडम म्हणाल्या.

सर बसले, पण बुडाखाली निखारा ठेवल्यासारखे. माझ्याकडे वाकून कुजबुजले, "अगं बाय, बसलो का माजी नजर एकाच ओळीवर नांगर टाकते. हालतच नाय!"

अभ्यासाला जोड्या लावल्या तेव्हा सर नेमके माझ्या वाट्याला आले. मी मुळातच चिडकी. सर टिपणं हातात घेऊन व्हरांड्यात मोठ्याने वाचत फेऱ्या मारायचे. खांब आला की थांबायचे, पान उलटायचे आणि स्वतःलाच बजावायचे, "चला, पुढचं पान पुढच्या खांबाला!" पान अर्धं राहिलं असलं तरी खांब आला म्हणजे उलटायचंच. उरलेलं अर्धं परतीच्या फेरीत. त्यांच्यामागे फिरून माझं डोकं गरगरायचं.

"सर, एका जागी उभे तरी राहा हो!"

"एका जागी ऱ्हायला मेल्यावर येलच येल हाय."

बोईसरच्या बाजारात तर ते वाचता वाचता थेट एका हातगाडीवर आदळले. गाडीवाला ओरडला, "अंकल, आगे देखो!" सरांनी मान वर न करता उत्तर दिलं, "देखता हाय ना! पन ये पान तो पूरा होने दे." गाडीवाल्याने मुकाट्याने गाडी वळवली. मी मात्र शरमेने अर्धी झाले.

मग आला शेवटचा पाठ. नियम असा, की शिक्षकाने मुलांबरोबर गोल करून बसायचं, पुस्तक मांडीवर घ्यायचं आणि शब्दाखाली बोट फिरवत वाचून दाखवायचं. परीक्षक बाहेरून येणार. नापास झालं तर पुन्हा पुढच्या वर्षी, आणि पुढच्या वर्षी सर नोकरीतच नसणार. म्हणजे पदविकेवर पाणी. ते निवांत होते, झोप उडाली होती माझी. शेवटी एका सुट्टीच्या सकाळी मी त्यांना बसायला शिकवायला दांडी गाठली.

सर घरामागे होते. तिथे बोंबील वाळत घालायच्या वलांडी आहेत, म्हणजे खांबाखांबांना आडवे बांधलेले बांबू. बांबूंवर एकही मासा नव्हता. सर पेपर मोठ्याने वाचत त्यांच्या कडेने चालले होते. खांब आला की थांबत होते, पान उलटत होते.

शेजारच्या कमळाकाकी सुकट निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "बस हितं. पेपर संपल्याबिगर येनार नाय तो. त्याची बायको बोंबील टांगीत पुढं चालायची, हा मागनं पेपर वाचीत. तिला बसायला येल कुठं व्हता? एक खांब भरला का ती पुढं, का ह्यानं पान उलटलं. लगीन झाल्यापासून असंच. ह्याला शिकायला पन तिनंच धाडला. बोलली, नोकरी सरली का घरात माजं डोकं खाशील, त्यापरीस जा, शीक कायतरी. आनि तुमचे वर्ग सुरू व्हायच्या आदीच गेली."

सर आले, त्यांनी चहा केला, आम्ही इकडचं तिकडचं बोललो. बसण्याचा विषय मी काढलाच नाही.

पाठाच्या दिवशी सर मुलांच्या गोलात बसले. पहिलं वाक्य निभावलं. दुसऱ्या वाक्यात अडकले. पुन्हा सुरुवातीला गेले, पुन्हा तिथेच अडकले. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. परीक्षक बाईंनी पेन उचललं.

गोष्टीतल्या शब्दांची कार्डं माझ्या हातात होती. पाठ संपल्यावर ती भिंतीलगतच्या दोरीवर लावायची होती. पण माझ्याच्याने बघवेना. मी पुढे झाले आणि पहिलं कार्ड चिमट्याने दोरीला टांगलं. एक पाऊल सरकून दुसरं टांगलं.

सरांनी वर पाहिलं. मग पुस्तक घेऊन ते उठले, माझ्या मागोमाग चालायला लागले आणि त्यांचा आवाज मोकळा झाला. मुलंही उठली. रांगेने मागे येत, शब्द कानावर पडला की ते कार्ड शोधून त्याला हात लावायला लागली. परीक्षक बाई थांबवायला म्हणून उठल्या आणि गोष्ट संपेपर्यंत उभ्याच राहिल्या.

सर पास झाले. बैठकीचे गुण तेवढे गेले.

वर्ग रिकामा झाल्यावर मी कार्डं काढत होते. सर मुलांच्या बुटक्या बाकावर बसले होते, हात मांडीवर ठेवून, अगदी स्वस्थ. त्यांना असं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"बाय," ते म्हणाले, "तू लय भराभर टांगतेस. ती सावकाश टांगायची. बातमी आवडली, का मुद्दाम सावकाश."