मागची पिन

लेस्टर निस्कानेननं अख्खी रायफल टॉवेलमध्ये गुंडाळली आणि सौनाच्या वाफेच्या खोलीत सगळ्यात वरच्या बाकावर नेऊन अलगद आडवी केली, तान्ह्या पोराला निजवावं तशी. गोळ्या अर्थातच नव्हत्या. लेस्टर हट्टी होता, वेडा नव्हता.

खालच्या बाकावर त्याचा शेजारी गॉर्डी ट्रेम्ब्ले उघडाबंब बसून घाम गाळत होता. त्यानं मान वर करून पाहिलं.

"हिलाही अंघोळ घालतोस काय?"

"तापू दे. तापलं की भोक मोठं होतं. पिन बाहेर बर्फात खोचून आलोय, ती आकसेल. गरम भोक, गार पिन. गपकन बसते की नाही बघ."

"अरे लेका, लोक हे काम ओव्हनमध्ये करतात."

"ओव्हनमध्ये तुझ्या बायकोनं दिलेल्या खिमा भरलेल्या पेस्टी आहेत. उद्याच्या डब्याच्या. त्या बाहेर काढून बंदूक भाजू?"

गॉर्डीनं तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं आणि वाफेत दोघं दिसेनासे झाले.

ही रायफल लेस्टरनं उन्हाळाभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून जुळवली होती. तिचे दोन भाग, वरचा आणि खालचा. ते पुढून एका पिनेनं आणि मागून एका पिनेनं जोडायचे की झालं. वरचा भाग एका दुकानातून मागवलेला, खालचा दुसऱ्यातून, पिना तिसऱ्यातून. तिन्ही जाहिरातींत एकच वाक्य होतं: घासायची गरज नाही, आपोआप बसतं. हे वाक्य लिहिणारा हरामखोर म्हाताऱ्या बोटांनी एकदा तरी पिन बसवायला बसला असता, तर पुन्हा लेखणीला शिवला नसता. पुढची पिन गेली. मागची जाईना. वरचा भाग मागच्या बाजूला केसभर वर राहायचा, आणि भोकासमोर भोक येतच नव्हतं. पॉलिश पेपर झाला, तेल झालं, लाकडी हातोडा झाला, शिव्या तर रोजच झाल्या. इंटरनेटवरच्या शहाण्यांनी एकमेकांच्या आया काढल्या, पण पिनेला कुणी हात लावला नाही.

आणि उद्या पंधरा नोव्हेंबर. हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. या दिवशी आमच्याकडे शाळा बंद, दुकानं बंद, आणि मेलेल्या माणसालासुद्धा दुसऱ्या दिवशी पुरतात. या दिवसासाठी जोलीन येणार होती.

जोलीन लेस्टरची एकुलती एक मुलगी. खाण बंद पडली, तशी गावातली तरणी पोरं गळक्या पिंपातल्या पाण्यासारखी निघून गेली. खाणवाल्यांनी जाताना हात झटकले, आणि म्हातारे बर्फ उपसत मागे राहिले. जोलीन अ‍ॅरिझोनात गेली. आईच्या मातीला आली होती, त्यानंतर नाहीच. लहानपणी मात्र बापाबरोबर पहाटे रानातल्या शिकारीच्या लाकडी खोपट्यात जाऊन बसायची, नाकापर्यंत टोपी ओढून. लेस्टरनं त्यानंतरची सगळी वर्षं त्या खोपट्यात दुसरी खुर्ची तशीच ठेवली होती. तिच्यावर पिशवीसुद्धा ठेवत नसे.

गेल्या वर्षी तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. घरातल्या जुन्या रायफली खांद्याला लाथ मारल्यासारख्या बसतात. म्हणून ही नवी. हलकी, कमी धक्क्याची, दस्ता तिच्या मापाचा. ती एकच दिवस येणार होती. परवा दुपारी विमान.

"तापली," लेस्टर म्हणाला. रायफल टॉवेलासकट उचलून तो तसाच धावत बाहेर आला आणि पायऱ्यांपाशी थबकला. बर्फाचा ढीग होता. ढिगात पिन दिसेना.

पोलादाचा बोटभर तुकडा भुसभुशीत बर्फात सरळ उभा खोचला, तर तो खाली जाणार. हे कुणीही सांगितलं असतं. पण लेस्टर विचारतोय कुणाला! लेस्टरनं रायफल पायरीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी ढीग उपसायला सुरुवात केली. मागोमाग गॉर्डी आला. दोन म्हातारे, अंगातून वाफा निघताहेत, गुडघ्यांवर बसून कुत्र्यांसारखे बर्फ उकरताहेत.

"इथंच खोचली होती ना?"

"इथंच. नाहीतर तिथं."

"तुझ्या डोक्यात पिन खोचायला हवी होती."

"बोलू नकोस, उकर!"

तेवढ्यात गाडीचे दिवे अंगावर आले. गाडी थांबली, दार उघडलं, आणि जोलीन उतरली.

"पप्पा," जोलीन म्हणाली. "मी मागे वळून उभी राहते. तुम्ही दोघं आधी कपडे घाला."

"तू रात्री येणार होतीस ना?" लेस्टर बर्फात बसूनच म्हणाला.

"आधीचं विमान मिळालं. गॉर्डीकाका, तुम्ही बरे आहात ना?"

"बरा आहे गं बाई. थोडा गारठलोय, बाकी मजेत."

पिन सापडली. जोलीननंच शोधली, फ्रिजवरचं लोहचुंबक दोरीला बांधून. पण तोवर रायफल गार झाली होती. लेस्टरला धीर नव्हता. त्यानं पिन भोकाशी धरली आणि हातोड्याचा सणसणीत घाव घातला. पिन निम्मी आत गेली आणि अडकली. आता ती पुढे जाईना, मागे येईना.

"बसली?" गॉर्डीनं विचारलं.

"घरी जा, गॉर्डी."

पंधरा तारखेची पहाट झाली. खोपट्यात असायला हवं होतं, तर बाप-लेक स्वयंपाकघरात टेबलाशी समोरासमोर बसले होते. मध्ये रायफल, कॉफीची किटली आणि अर्धवट खाल्लेल्या पेस्टी. दूर रानातून बार ऐकू आला. मग आणखी एक. लेस्टरचं तोंड प्रत्येक बाराला एवढंसं व्हायचं.

"तू माझी रायफल घेऊन जा," तो म्हणाला. "मी नुसता बसतो."

"तुमच्या रायफलीनं हा खांदा परत निखळेल. डॉक्टर मला फाडून खाईल. धरा इकडून, मी मागून ठोकते. हळू."

टक. टक. टक.

"क्रेग कसा आहे?" लेस्टरनं विचारलं. जावयाचं नाव त्यानं बऱ्याच दिवसांनी घेतलं होतं.

"क्रेग गेला."

लेस्टरचा हात सुटला. "गेला? म्हणजे?"

"मेला नाही हो. घर सोडून गेला. मार्चमध्ये. नीट धरा ना."

"मार्चमध्ये! आणि मला आज सांगतेस?"

"तुम्ही विचारलंत कधी? दर रविवारी फोन करता आणि इकडे बर्फ किती पडला ते सांगता. मी म्हणते, हो का. मग तुम्ही म्हणता, चल ठेवतो."

"बर्फ खूप पडला होता," लेस्टर पुटपुटला.

"माहितीये. इंचासकट माहितीये."

टक. टक. मग ती बोलत राहिली. मोठं घर रिकामं खायला उठतं ते बोलली. रात्री टीव्ही लावून झोपते ते बोलली. शेजारीण पापड भाजल्यासारखी उन्हात पडून असते, तिची नक्कल करून दाखवली. लेस्टर मोठ्यानं हसला आणि स्वतःच दचकला. हे स्वयंपाकघर जोलीनची आई रूथ गेल्यापासून हसणं विसरलं होतं. त्यानं क्रेगला चार शिव्या घातल्या. जोलीननं पाचवी घातली, ती बापाला येत नव्हती.

बाहेर बार चालूच होते. लेस्टरला ते आता ऐकू येत नव्हते.

दुपारच्या सुमाराला पिन एकदाची मागे निघाली. जोलीननं रायफल उघडली आणि आत डोकावली.

"पप्पा, आत मागच्या कोपऱ्यात हे रबर कसलं?"

लेस्टरनं चष्मा लावला. बघितलं. कानापर्यंत लाल झाला.

"ते... दोन भाग एकमेकांवर खडखडू नयेत म्हणून. गॉर्डीनं दिलं होतं. जूनमध्ये."

"आणि खडखडत होते?"

"तेव्हा जुळवलीच नव्हती. म्हटलं, आधीच बंदोबस्त करावा."

वरचा भाग केसभर उचलून धरणारं ते रबर जोलीननं चिमट्यानं काढलं. दोन्ही भाग मिटले. पिन तिनं बोटानं ढकलली. टिक. उन्हाळ्याभराचं भांडण एका बोटानं मिटलं. ती हसून हसून टेबलावर पालथी पडली.

"चला," डोळे पुसत ती उठली आणि शिकारीच्या नारिंगी जाकिटाकडे हात केला. "अजून उजेड आहे. संध्याकाळपर्यंत बसता येईल. उठा."

याच वाक्यासाठी लेस्टरनं इतकी वर्षं ती खुर्ची रिकामी ठेवली होती. पण तो उठला नाही. त्या खोपट्यात खोकलासुद्धा बाहीत दाबावा लागतो. शब्द काढायचा नाही, हलायचं नाही, शेजारी शेजारी बसून समोरच्या झाडांकडे बघत राहायचं. पोरगी लहान होती तेव्हापासून तो तिच्याशी असाच गप्प बसत आला होता. गप्प बसायला त्याला पुढचं अख्खं वर्ष पडलं होतं, आणि तिचं विमान उद्या दुपारी.

"जोलीन," तो म्हणाला.

"काय?"

"ते पुढचं, नळीवरचं कव्हर. तेसुद्धा घट्ट अडकलंय, काढून परत बसवावं लागेल. असं घेऊन जाता येणार नाही."

जोलीन थांबली. रायफल उचलून तिनं कव्हरचा स्क्रू सैल केला आणि एका बोटानं कव्हर ढकललं. लोण्यातून सुरी जावी तसं ते पुढे सरकलं. तिनं तितक्याच अलगद ते मागे घेतलं. बापाकडे पाहिलं. बाप खिडकीबाहेर बर्फ बघत होता, एवढ्या लक्षपूर्वक जणू त्यानं बर्फ आजच पाहिला होता.

तिनं जाकीट खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि कॉफीची किटली पुन्हा चुलीवर चढवली.

"भलतंच घट्ट आहे हो, पप्पा," ती म्हणाली. "हे काही उजेड असेपर्यंत निघत नाही."