तेल खाणारा जिवाणू आणि त्याला लागलेली साखर

कष्ट हा सर्व जीवमात्रांचा स्वभाव असून तो केवळ भुकेमुळे टिकून आहे. हे सत्य आमच्या संशोधन संस्थेला मातीतल्या एका जिवाणूने शिकवले.

तेलाच्या घाण्यामागच्या चिकट मातीत तो मला सापडला. (सापडला म्हणजे मी तिथे घसरून पडलो; अहवालात त्यास ‘नमुना संकलन’ म्हटले आहे.) तिथे दुसरे खायला काही नव्हते. म्हणून बिचारा अंगातून एक विकर, म्हणजे एन्झाइम, सोडायचा, तेल फोडायचा आणि पोट भरायचा. त्याच विकराने कपड्यांवरचे तेलाचे डाग निघत. साबण कारखान्याचे मालक ते पाहायला येणार असे ठरले. माझी बढतीही जवळपास ठरली.

“पाहुण्यांसमोर अशक्त दिसायला नको. चांगलंचुंगलं खाऊ घाला त्याला,” संचालक म्हणाले.

आयती साखर मिळाली की जिवाणू विकर बनवणे बंद करतो, हे मी नवोदितांना दरवर्षी शिकवतो. परंतु संचालकांना ‘नको’ म्हणायला लागणारे विकर माझ्यात तयार होत नाही. मी साखर घातली.

जिवाणू गुटगुटीत झाले. काचपात्र दुधासारखे पांढरे झाले. मालक आल्यावर संचालकांनी स्वतःचा तेलकट रुमाल कौतुकाने त्यात भिजवला, वेळ जाऊ दिला, बाहेर काढला. डाग जागेवरच होता. फक्त आता तो गोड झाला होता. मालक तडक गाडीत जाऊन बसले.

घरी बायको भांडी घासत होती. तिला सगळे सांगितले.

“त्यात त्याचं काय चुकलं?” ती म्हणाली. “तुम्ही नोकरीत कायम झालात, त्यानंतर एक तरी कप विसळलात का?”

मुद्दा शास्त्रीय नसल्याचे मी तिच्या निदर्शनास आणले आणि सकाळी साखर बंद केली. जिवाणू थोडे रुसले, मग निमूटपणे कामाला लागले. मालकांना हातापाया पडून परत आणले. या खेपेस रुमाल लख्ख निघाला.

हाच प्रयोग कर्मचाऱ्यांवर करावा, अशी एक सूचना आली. आमच्या समितीने ती एकमताने फेटाळली. (एकपेशीय जीवाला उपास झेपतो, अधिकारी बहुपेशीय असतात.) मला बढती मिळाली, स्वतंत्र खोली मिळाली, आणि तेव्हापासून मी काहीही शोधलेले नाही.

हसलात? हसा. फक्त आत्ता अंगात आहे तो कपडा तुम्ही स्वतः शेवटचा कधी धुतलात, तेवढे आठवा. सावकाश आठवा; तोवर तुमचा पुढचा कपडा कोणीतरी धुतच असेल.