पत्रकातली नदी

शाळा सुधारायला शाळेत जावं लागत नाही, हे ज्याला वेळेवर उमगतं तोच माणूस शाळेचा पुढारी होतो. बाकीचे गुरुजी होतात.

घोडेगावापासून दोन कोसांवर बोरटाकळी नावाचं गाव आहे. (पाण्याचा टँकर फेब्रुवारीत येतो आणि जूनमध्ये जातो. गाव ओळखायला एवढं पुरे.) सत्त्याण्णवच्या श्रावणात तिथे वरून आदेश आला, की गावाने शिक्षण समिती नेमावी आणि तिचा अध्यक्ष ग्रामसभेत हात वर करून निवडावा. अध्यक्षाची पात्रता आदेशात लिहायची राहून गेली होती, त्यामुळे आबासाहेब पात्र ठरले.

आबासाहेब घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात तीस वर्षं दलाल. रुमालाखाली बोटं दाबून सौदा करण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे (धंद्याची वेळ सोडून). बैलाचे दात बघून वय सांगत, चाल बघून मालकाची अडचण सांगत. असा माणूस शिक्षणात आजवर आला नव्हता, ही शिक्षणाचीच चूक.

उमेदवार म्हटला की पत्रक आलं. नगरहून गुलाबी कागदावर दोनशे पत्रकं छापून आली. त्यात शाळासुधारणेचे सात अग्रक्रम होते:

१. शाळेचे नाव मागच्या भिंतीवर, एसटीतून वाचता येईल एवढ्या अक्षरांत रंगवणे. (रस्ता शाळेच्या मागून जातो. शाळा नक्की कोणाला दाखवायची, याचा विचार आजवर झालाच नव्हता.)
२. झेंड्याचा खांब एकवीस फुटी करणे. शेजारच्या गावचा अठरा फुटी आहे.
३. हजेरी शंभर टक्के करणे. गैरहजर मुलांना त्यातून वगळण्याचा अन्याय थांबवणे.
४. संडासाची किल्ली अध्यक्षांकडे ठेवणे, म्हणजे तो कायम स्वच्छ राहील.
५. बाजारच्या दिवशी सुट्टी, भरपाई रविवारी. (रविवारी गुरुजी नसतात. हा अडथळा तात्पुरता मानावा.)
६. तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी हाताची खुर्ची.
७. गावाची बदनामी करणाऱ्या शिक्षकांची बदली.

पहिली सहा कलमं शोभेची होती, शिंगांना गोंडे बांधतात तशी. बैल सातवा.

सातव्या कलमात ‘शिक्षकांची’ असं अनेकवचन असलं तरी रोख एकटीवरच होता. रेश्माबाई जूनपासून चौथीच्या वर्गावर आल्या होत्या. आल्या त्या आल्या, पोरांना एकेक करून उभं केलं आणि वहीत लिहून टाकलं, की एकोणीसपैकी चौदा मुलांना वाचता येत नाही. मुख्याध्यापक आसाराम गुरुजींच्या वहीत मात्र एकोणीसच्या एकोणीस वाचत होती. तालुक्याने दोन्ही आकडे मागवले, सरासरी काढली आणि बारा मुलांना वाचता येतं असं मंजूर केलं. ती बारा कोणती, हे गावाने आपसात ठरवायचं होतं.

गुरुजींची वही खोटी नव्हती. त्यांची पद्धत वेगळी होती. तपासणीचे साहेब वर्षातून एकदा येत, जेवत आणि दोनच्या गाडीने जात. मधल्या वेळात एखाद्या पोराला पुस्तक उघडून वाचायला सांगत. शाळेतली पुस्तकं वर्षानुवर्षं तिसऱ्या धड्यावरच उघडून उघडून त्यांची पाठ तिथेच मोडली होती, त्यामुळे कोणीही उघडलं तरी तिसराच धडा निघे. मग बाकीचे धडे शिकवण्यात सरकारचा वेळ कशाला घालवायचा? गुरुजींनी अख्ख्या शाळेकडून तिसरा धडा पाठ करून घेतला. कागदावर बोट ठेवायचं, ते डावीकडून उजवीकडे न्यायचं आणि धडा म्हणायचा. पोरांना यालाच वाचणं म्हणतात असं वाटे. यात लबाडी कणभर नव्हती.

बाईंच्या वहीतल्या त्या चौदांत शुभांगी होती. ती चांगुणाबाईंची नात, आणि इथे बाईंचं चुकलं.

चांगुणाबाई म्हणजे तीन सुना, दोन विहिरी (एक कोरडी) आणि गावात कोणाचीही उसनी न घेतलेली जीभ. त्या स्वतः एक पावसाळा शाळेत गेल्या होत्या. त्यात ‘क’ झाला. ‘ख’च्या आधी लग्न झालं. घरातली वाचणारी पहिली बाई शुभांगी, हे त्यांनी माहेरी, सासरी आणि घोडेगावच्या बाजारात सांगून ठेवलेलं होतं. पाचवीला पोरीला घोडेगावच्या मोठ्या शाळेत घालायचं हेही ठरलेलं. आता कालची आलेली बाई म्हणते पोरगी वाचत नाही. चांगुणाबाईंनी दोन दिवस सुनांशी बोलणं टाकलं. सुनांनी ते दिवस मजेत काढले.

तिसऱ्या दिवशी घरात गुलाबी पत्रक आलं. चांगुणाबाईंनी नातीला समोर बसवलं आणि ते वाचायला लावलं. घरात एरवी कागद येई तो वीजबिलाचा, आणि ते कोणी मोठ्याने वाचत नसे, त्यामुळे पोरीची अशी परीक्षा कधी झालीच नव्हती. शुभांगीने बोट ठेवलं आणि घडाघडा सुरू केलं: “आमच्या गावाजवळून नदी वाहते. नदीला बारा महिने पाणी असते. काठावर आंब्याची व जांभळाची झाडे आहेत. मुले झाडाखाली बसून गाणी म्हणतात. गावातील सर्व लोक प्रेमाने राहतात.”

चांगुणाबाई थक्क झाल्या. विधानसभेचे उमेदवारसुद्धा आजवर बोअरच्या पुढे गेले नव्हते. आबाने थेट नदी आणली होती, आणि तीही बारमाही. प्रेमाने राहण्याचं त्यांना जरा जास्त वाटलं, पण नदी आली तर तेही जमून जाईल. शिवाय पोरगी वाचते हे सिद्ध झालं होतं. त्यांनी मत नक्की केलं आणि सुनांशी बोलायला लागल्या.

ग्रामसभा शाळेच्या ओट्यावर भरली. हजर एकशे बारा. त्यांतले वाचता येणारे एक्केचाळीस, आणि त्यांच्या प्रत्येकाच्या हातात पत्रक. बायका एका कडेला बसल्या, पोरं दुसऱ्या. आबासाहेबांनी कोणाला काही बोलायचंय का असं विचारलं. हे विचारायची रीत आहे, बोलायची नाही. चांगुणाबाई उठल्या.

“ह्या बाई लिवत्यात, माझी नात वाचत न्हाई. परवा तिनं आबाचा कागुद माझ्यापुढं घडाघडा वाचला. काय काय हाय त्यात ते मी सांगते, तुमी ताडून बघा.”

आणि त्यांनी सांगितलं. नदी, बारा महिने पाणी, आंबे, जांभळं, गाणी. एक शब्द चुकला नाही.

एक्केचाळीस माणसांनी पत्रकात बघितलं, मग आबासाहेबांकडे बघितलं. गिऱ्हाइकाला बैलात एखादा जास्तीचा गुण दिसला तर दलालाने तो नाकारायचा नसतो, हा घोडेगावच्या बाजाराचा नियम. आबासाहेबांनी तीस वर्षांत तो मोडला नव्हता.

“बरोबर वाचलंय पोरीनं, मावशी,” ते म्हणाले. “नदी हाय.”

आसाराम गुरुजींनी मान डोलावली. वाक्यं त्यांना फारच ओळखीची वाटत होती.

रेश्माबाई उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “या पत्रकात नदी नाही. शुभांगी हुशार आहे, पण तिला वाचता येत नाही. शिकवलं तर चार महिन्यांत येईल.”

आता एखादी गोष्ट कागदावर आहे की नाही हे कागद बघून ठरवणं म्हणजे शंभरावर माणसांचा वेळ मोडणं. लोकशाहीत याला सोपा मार्ग आहे. आबासाहेबांनी तो काढला: पत्रकात नदी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत.

“थांब आबा,” चांगुणाबाई म्हणाल्या. “कुटं हाय ती? बोट ठिव.”

आबासाहेबांनी जराही न कचरता बोट ठेवलं. ते अगदी तळाला होतं, जिथे छापखान्याचं नाव होतं. आणि मदतीला म्हणून त्याच क्षणी गुरुजींनी आपल्या पत्रकावर बोट ठेवलं. ते सगळ्यात वर होतं, जिथे ‘श्री’ होता.

चांगुणाबाईंना ‘ख’ येत नव्हता, पण खाली काय आणि वर काय ते कळत होतं. त्यांनी पोरांच्या कडेला बघितलं. शुभांगीच्या हातात कागद नव्हता. बोट गुडघ्यावरून डावीकडून उजवीकडे जात होतं आणि ओठ हलत होते.

हात वर झाले. वाचता न येणाऱ्यांनी वाचता येणाऱ्यांकडे बघून केले, वाचता येणाऱ्यांनी आबासाहेबांकडे बघून. चांगुणाबाईंचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला. इतिवृत्तात उशिराचा रकाना नसल्याने तो इतरांसारखाच मोजला गेला. नदीच्या बाजूने एकशे बारा, विरोधात एक. मात्र बाई गावच्या मतदार नसल्याने विरोधात शून्य. त्याच ओघात आबासाहेब अध्यक्ष झाले, बाईंच्या बदलीचा ठराव झाला आणि चहा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेश्माबाईंच्या खोलीच्या मागच्या दाराशी चांगुणाबाई उभ्या. एका हातात नात, दुसऱ्यात गवारीची पाटी.

“बदलीचा कागुद यायला किती दिस लागत्याल?”

“पंचायत समिती, मग जिल्हा परिषद. दिवाळी होईल, आजी.”

“तवर हिला वाचाया शिकवा. गावात कुटं बोलू नका. माझं मत तुमच्या इरोधातच हाय.”

बाईंनी गवार घेतली नाही, पोरीला घेतलं. पुढच्या आठवड्यात त्याच दारातून आणखी एक आजी आली, मग एक आई, मग उपसरपंचांची बायको. पोळ्यापर्यंत चौदाच्या चौदा झाली. येणारा प्रत्येकजण आधी रस्त्यावर कोणी नाही ना ते बघे, आणि ठरावाला आपला पाठिंबा कायम असल्याचं सांगूनच पोर आत सोडी. बदली रद्द करा असं कोणी लिहून दिलं नाही, कारण त्यासाठी आधी नदी नाही असं लिहून द्यावं लागलं असतं. दरम्यान ठरावाचा कागद तालुक्यात अडीच महिने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला. त्या वर्षी शिक्षणासाठी सरकारी खात्याने जे काही केलं, ते एवढंच.

दिवाळीनंतर आदेश आला. बाईंना भंडारदऱ्याकडच्या डोंगरातली शाळा मिळाली. निरोपसमारंभात आबासाहेबांनी नारळ दिला आणि बाईंच्या कार्यामुळे एकोणीसच्या एकोणीस मुलं वाचू लागली, असं भाषणात सांगितलं. समितीची पहिली कामगिरी म्हणून ते तालुक्याला कळवण्यातही आलं.

मार्गशीर्षात नदीचं भूमिपूजन झालं. शाळेमागच्या पडीक रानात चुन्याच्या दोन रेघा मारल्या, मधे दगड बसवला आणि त्यावर काळ्या रंगात मजकूर रंगवला. सगळं गाव जमलं. गुरुजी मंत्र म्हणणाऱ्याच्या शेजारी उभे राहिले, आबासाहेबांनी टोपी सारखी केली. तेवढ्यात पुढे बसलेल्या शुभांगीने, कोणी सांगितलं नसताना, दगडावरचं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. बोट ठेवलं नव्हतं. अडखळत होती, म्हणजे खरंच वाचत होती. “नि-यो-जित न-दी. पाणी उ-प-ल-ब्ध झा-ल्या-स...”

चांगुणाबाईंचा ऊर भरून आला. घराण्यात असं कधी झालं नव्हतं. त्यांनी हलकेच पुढे वाकून पोरीच्या दंडाला चिमटा काढला.

“मनात वाच,” त्या म्हणाल्या.

पोरगी हुशार. लगेच मनात वाचू लागली, ओठसुद्धा हलू दिले नाहीत. शहराकडे एवढं यायला शाळा-कॉलेजची पंधरा वर्षं घालवतात. बोरटाकळीत ते चौथीच्या वर्गात झालं.

तुम्हीही इथवर मनातच वाचत आलात. शिक्षण चांगलं झालेलं दिसतंय.