बाईंच्या गाडीला वायसररावांचं बूच

गळती कुठलीही असो, वायसररावांपुढे ती टिकत नाही! नळ, टाकी, मोरी, गच्ची, जे जे म्हणून ठिबकतं ते त्यांच्या हाताखालून गेलं की जन्माचं गप्प बसतं. नळाच्या वायसरवर या प्लंबरची अशी हुकमत, की गल्ली त्यांचं खरं नावच विसरून गेली. त्यांनी आवळलेलं पुढे कुणाच्या बापाला सुटत नाही, अशी त्यांची ख्याती. आणि वाचकहो, सगळा घोटाळा तिथेच झाला.

वायसररावांची बायको लोकांना गाडी चालवायला शिकवते. सगळे तिला बाई म्हणतात. शिकाऊ माणसाने गाडी खांबावर घातली तरी बाई शांतपणे म्हणणार, "छान. आता मागे कशी घ्यायची ते शिकू." त्यांच्याकडे गाडी एकच, तीही जुनी, पण तिची बारीकसारीक कुरकुरसुद्धा बाईंना पाठ.

त्या संध्याकाळी बाईंनी गाडी दारात लावली आणि बजावलं, "उद्या धुराची तपासणी आहे. नापास झाली तर क्लासला कुलूप लावायचं. तेव्हा आता गाडीला कुणी हात लावायचा नाही."

"मी कशाला लावतोय?" वायसरराव म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

बाई आत गेल्या. तेवढ्यात वायसररावांना त्यांनी स्वतः बसवलेल्या पांढऱ्या फरशीवर एक काळा थेंब दिसला. पाठोपाठ दुसरा! ते आडवे होऊन गाडीखाली घुसले. बघतात तर इंजिनातून एक रबरी पाइप खाली लोंबतोय, त्यातून तेल ठिबकतंय, वर हलकीशी वाफही येतेय.

"उघडा पाइप? टोक मोकळं? यांचा प्लंबर झोपला होता काय!"

मग काय! लाकडाचं बूच तासलं, त्याला टेप गुंडाळली, ठोकून बसवलं, वरून लुकण भरलं आणि क्लॅम्प आवळला. हात घातलाच आहे म्हणून पाइपचं इंजिनाकडचं टोकही चिकटवून टाकलं. फरशी कोरडी ठाक! गाडी पास झाल्यावर बाईंना सांगायचं, असं ठरवून ते गुणगुणत हात धुवायला गेले.

सकाळी दोघं निघाले. चौक ओलांडला आणि आरशात बघत बाई म्हणाल्या, "अहो, मागे कुणी काही जाळतंय का?"

"कचरा असेल."

"कचरा आपल्याबरोबर वळतोय!"

मागे निळ्या धुराचा पडदा आणि त्यातून खोकण्याचे आवाज. वायसररावांनी आपल्या बाजूची काच गुपचूप वर केली.

तपासणी केंद्रावर तपासनीस रुमाल नाकाला लावूनच पुढे आला. "बाई, इंजिन गेलं तुमचं! पिस्टनच्या रिंगा संपल्या. आता सगळं उतरवून बांधावं लागेल."

बाईंचा चेहरा उतरला. गाडी दोनदा भिंतीवर गेली तेव्हाही न उतरलेला चेहरा! "एवढं कुठून परवडणार? क्लास बंदच करावा लागेल," त्या हळूच म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "काल तर ठणठणीत होती. तुम्हाला काही सांगायचंय का?"

"मला? छे! काय सांगायचंय?"

"बघू, जरा रेस करा," बॉनेट उघडत तपासनीस म्हणाला. बाईंनी रेस केली मात्र, फट्ट! तेल मोजायची पट्टी इंजिनातून उडाली आणि वायसररावांच्या शर्टावर काळी पिचकारी बसली. त्याच क्षणी त्यांचंही तोंड उघडलं.

"मी बूच मारलं! खालच्या पाइपला! गळत होता गं!"

बाईंनी इंजिन बंद केलं, डोळे मिटले आणि खो खो हसत सुटल्या. "अहो, तो इंजिनाचा श्वास सोडायचा पाइप! आतली वाफ तिथून बाहेर जाते. तुम्ही नाक-तोंड दाबलंत, मग तेल मिळेल त्या फटीतून वर घुसणार आणि जळणारच की! रिंगा शाबूत आहेत माझ्या!"

तपासनीस कान खाजवत राहिला. वायसरराव मात्र अंगावरचं तेल विसरून बायकोकडे बघतच राहिले. इंजिनाचा एक नट न सोडता तिने रोग ओळखला होता! काय बाई आहे ही, असं त्यांना लग्नानंतर कितव्यांदा तरी वाटलं.

"बरं, काढा आता ते."

निघेल तर शपथ! वायसररावांनी ओढलं, तपासनीसाने ओढलं, रांगेतल्या ड्रायव्हरांनी पक्कड लावून ओढलं. गाडी हलली, बूच हललं नाही.

"कुणी बसवलंय हो हे?" तपासनीस थक्क होऊन म्हणाला.

"मी!" वायसररावांची छाती अशा प्रसंगीसुद्धा फुगली.

"कापा," बाई म्हणाल्या.

वायसररावांनी स्वतःच्या हाताने, जड मनाने, करवतीच्या पात्याने आपलं उत्तम काम कापलं. पाइपने हुश्श केलं. बाईंनी पट्टी जागेवर बसवली, उडालेलं तेल भरून काढलं आणि गाडी थोडा वेळ चालू ठेवली. धूर विरळ होत होत नाहीसा झाला, आणि गाडी झोकात पास झाली.

तो कापलेला तुकडा आता क्लासच्या टेबलावर असतो. प्रत्येक नव्या तुकडीला बाई पहिल्या दिवशी तो उचलून दाखवतात. "हे बघा. इतकं चोख काम मी आजवर पाहिलेलं नाही. आणि हे गाडीत कुठेही, कधीही करायचं नाही."

वायसरराव तेव्हा न चुकता दाराबाहेर उभे असतात. पहिलं वाक्य संपलं की ते कामावर निघून जातात.