सहाव्या गच्चीवरचा माणूस

गांगुर्डेसाहेब व्हिडिओ गेमच्या मशीनला शिव्या देत नसत, मेमो देत. चालू खेळात खिशातून डायरी काढायची, पेन्सिल जिभेला लावायची आणि दोष लिहायचा. ‘डावीकडे वळताना गाडी अडखळते. रणगाड्याची गोळी भिंतीतून आरपार जाते, मग भिंत ठेवली कशाला?’ तोवर गाडी दरीत गेलेली असे. त्याचाही राग मशीनवरच निघे.

अंबडच्या आमच्या कारखान्यात ते इन्स्पेक्शनचे प्रमुख आणि मी त्यांचा टायपिस्ट. केसभर चूक असलेला भाग ते “ह्याला कोणी जन्म दिला?” असं विचारून परत पाठवत. ऐंशी सालानंतर मेन रोडजवळच्या एका बोळात व्हिडिओ गेमचं पार्लर निघालं आणि पन्नाशीचा हा माणूस पहिली पाळी सुटली की स्कूटर तिकडे वळवू लागला. कॉलेजच्या मुलांच्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात, कपाळाला आठ्या घालून उभा.

“मजा येते हो,” ते मला म्हणाले, “म्हणून तर संताप येतो. अगदीच टाकाऊ असतं तर सोडून दिलं असतं.”

त्यांचा सगळ्यात आवडता आणि सगळ्यात नावडता गेम एकच होता. पुरात बुडालेलं गाव, सहा गच्च्या, प्रत्येक गच्चीवर एक माणूस. हेलिकॉप्टरने दोर सोडून त्यांना उचलायचं. सहावी गच्ची पडद्याच्या अगदी उजव्या कडेला होती. तिथे दोर पोचतच नसे. पाच माणसं उचलली की मशीन शिट्टी वाजवून पुढच्या गावाला जायला सांगे आणि सगळे जात. साहेब जात नसत. पेट्रोल संपून हेलिकॉप्टर पाण्यात पडेपर्यंत ते सहाव्या गच्चीभोवती घिरट्या घालत.

एकदा मी सोबत होतो. पार्लरचा मालक वैतागून म्हणाला, “साहेब, पाचांवर पॉइंट मिळतात. सहावा नुसतं चित्र आहे.”

“चित्र आहे तर हात का हलवतो?” साहेब कडाडले. “वाचवायचा नव्हता तर उभा कशाला केला? की गच्ची रिकामी दिसते म्हणून?”

रांगेतली मुलं हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मशीन बनवणाऱ्या कंपनीला तक्रारीचं पत्र टाइप करायला दिलं. इंग्रजीत, अकरा दोष, सोबत गच्चीची आकृती. पत्ता मात्र कोणालाच ठाऊक नव्हता. पत्र द्यायला मी संध्याकाळी त्यांच्या सिडकोतल्या घरी गेलो, तेव्हा कळलं की वहिनी जिन्यावरून पडल्यापासून तीन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. साहेबांनी कारखान्यात कधी शब्द काढला नव्हता. माझं डोकंच फिरलं. बायको अशी पडलेली आणि हा गृहस्थ पोरांत उभा राहून बटणं दाबतो?

तेवढ्यात आतून आवाज आला. “अहो, आज सुटला का तो?”

“नाही,” साहेब गुरकावले आणि आत गेले. मी दारात उभा राहिलो. खाटेवर बसून त्यांनी चादरीला सहा घड्या पाडल्या. त्या गच्च्या. पावडरचा डबा म्हणजे हेलिकॉप्टर. सगळा खेळ त्यांनी पहिल्यापासून करून दाखवला, वारा कुठून होता तेसुद्धा.

“डावीकडून कशाला गेलात?” वहिनी चिडून म्हणाल्या. “वरून उतरायचं.”

“वरून मंगळवारी गेलो होतो. विसरलीस?”

“मग उद्या पाण्यालगत जाऊन बघा. एवढा माणूस हात हलवतोय आणि तुम्हाला साधा दोर टाकता येत नाही.”

दोघं चांगलीच भांडली. भांडताना वहिनी कोपरावर रेलून अर्ध्या उठल्या होत्या. साहेबांनी पाठीशी उशी सरकवली, तरी भांडण थांबलं नाही. मी पत्र टेबलावर ठेवून निघून आलो. माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना.

पावसाळ्याच्या आधी मालकाने ते मशीन मालेगावच्या कोणाला तरी विकून टाकलं. साहेब आठवडाभर कोणाशी नीट बोलले नाहीत. त्या आठवड्यात फार माल परत गेला.

पुढे दोन-तीन महिन्यांनी ते माझ्या टेबलाशी आले. “एक सांगा. सहाव्या गच्चीवर विजेची तार आडवी असेल, तर हेलिकॉप्टर कुठून न्यावं?”

“मशीन तर गेलं ना, साहेब?”

“तिला कुठे माहीत आहे?” ते खाली बघत म्हणाले. “रोज काहीतरी नवीन रचून सांगावं लागतं.”

मला राहवलं नाही. “मग खेळ आता तुमच्याच हातात आहे. सोडवून टाका की त्या माणसाला.”

साहेब भडकले. असे की शेजारच्या टेबलावरचे टाइपरायटर थांबले.

“अक्कल आहे का तुम्हाला? तो सुटला, तर उद्या ती माझी वाट कशासाठी बघेल?”